अप्रेझर व्हावं का? यूएडी ३.६, मॉडेलं आणि आमच्यासारख्या नवख्यांचं काय

निरगुडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय कोरडा आहे, पण या धंद्यातले दोघं-तिघं इथे आहेत हे जुन्या प्रतिसादांवरून ठाऊक आहे, म्हणून धीर केला.

मी मूळची सांगलीची, सिव्हिल इंजिनिअर. सध्या डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत. ग्रीन कार्डाची रांग काही सरकत नाही, पण नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यामुळे मला एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचा परवाना मिळालाय. साइट इंजिनिअरची नोकरी इथे पुन्हा श्रीगणेशापासून करायची इच्छा नाही. घरं बघायची, मोजायची, एक घर दुसऱ्यापेक्षा महाग का जातं ते शोधायचं, याची मात्र मनापासून आवड आहे. त्यामुळे रेसिडेन्शियल अप्रेझर, म्हणजे कर्जासाठी वगैरे राहत्या घरांची किंमत काढून देणारी, व्हायचं डोक्यात आहे. ट्रेनीसाठीच्या कोर्सची चौकशी करून ठेवलीये.

अडचण अशी की जिथे विचारावं तिथे टोकाची उत्तरं मिळतात. काही म्हणतात धंदा बसला, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन संस्था) अप्रेझलशिवायच कर्जं घेतात, उरलंसुरलं किंमत काढणारं कॉम्प्युटर मॉडेल बघून घेईल. काही म्हणतात जुने लोक निवृत्तीला आलेत, नव्यांना कामच काम. त्यात तो यूएडी ३.६ चा (अप्रेझलची माहिती कोणत्या साच्यात भरायची त्याच्या नव्या नियमांचा) रिपोर्ट, २ नोव्हेंबर २०२६ पासून सक्तीचा. शिकायचं ते जुनं की नवं? ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी गुळमुळीत न बोलता सांगा.

---

रिकामटेकडा

धागा वाचनखुणेत टाकला. माझ्या घराचं रिफायनान्स केलं (जुनं कर्ज फेडून नवं घेतलं) तेव्हा कुणी बघायलासुद्धा आलं नव्हतं, तेव्हापासून हे कोडं आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

फूटपट्टी

निरगुडी, स्वागत. मी न्यू जर्सीत सर्टिफाइड रेसिडेन्शियल अप्रेझर आहे. पंचवीसेक वर्षं हेच करतोय, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

आधी फॉर्मचं, कारण ते त्यातल्या त्यात सोपं. आत्तापर्यंत साध्या घरासाठी आम्ही जो १००४ नंबरचा फॉर्म भरत आलो तो मार्च २००५ चा. त्यावर २०११ मध्ये यूएडीचे नियम चढले. घराची अवस्था सी१ ते सी६, बांधकामाचा दर्जा क्यू१ ते क्यू६, असं सगळं कोडात सांगायचं. कॉन्डो असेल तर १०७३, दोन ते चार बिऱ्हाडांचं घर असेल तर १०२५, नुसतं बाहेरून बघून सांगायचं तर २०५५. आता हे सगळे नंबर मोडीत निघतायत. रिपोर्ट एकच, आणि घर जसं असेल तसे त्यातले भाग उघडतात किंवा मिटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मोजक्या लेंडरांपासून (कर्ज देणाऱ्यांपासून) सुरुवात झाली, २६ जानेवारी २०२६ ला सगळ्यांना खुलं झालं, २ नोव्हेंबरपासून सक्ती, आणि जुन्या फॉर्मवरच्या चालू फायली मे २०२७ पर्यंत निकालात काढायच्या. तुम्ही आज सुरुवात करताय, तर सरळ नवा शिका. जुना वाचता आला म्हणजे झालं.

हा फॉर्म माणसाने वाचावा म्हणून आखलेला नाही, हे पहिल्याच फाइलीत कळतं. पूर्वी "स्वयंपाकघर अलीकडे नवं केलंय, बाकी घर ठीकठाक" असं लिहून सी३ टाकलं की पुढे जायचो. आता बाहेरची अवस्था वेगळी, आतली वेगळी, मग दोन्ही मिळून एकूण. स्वयंपाकघर आणि बाथरूमं कधी बदलली, किती बदलली, त्याचे रकाने. दोष असेल तर तो कुठे, कसला, त्यावर काही करायला हवं का, तेही ओळीने, आणि फोटो त्या त्या ठिकाणी. शेवटी लांबलचक अॅडेंडम (पुरवणी) जोडून सगळं त्यात कोंबायची सोय गेली. रागावून सांगत नाहीये. आमच्यातल्या कित्येकांचे अॅडेंडम मागच्या फाइलीतून उचललेले असायचे, ते एकदाचे बंद होतील.

मोजणीचं मात्र वेगळं आहे. फॅनी मेने १ एप्रिल २०२२ पासून घराचं क्षेत्रफळ मोजायचं एन्सी झेड७६५ हे स्टँडर्ड लावलं. परवाच एक केप कॉड पद्धतीचं घर होतं, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वसाहतीतलं. वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंनी उतरतं छत. नियम असा: छत ५ फुटांच्या खाली जातं तो भाग धरायचाच नाही, आणि खोलीच्या धरलेल्या भागातला निदान अर्धा ७ फूट उंच हवा. मग लेझर घेऊन भिंतीलगत गुडघ्यांवर बसायचं, ५ फुटांची रेघ सापडली की फरशीवर टेपचा तुकडा, मग ७ फुटांची रेघ, तिथे दुसरा. घरमालकीणबाई जिन्यात उभ्या. "मुलगा लहानपणापासून इथेच झोपतो, ही बेडरूम नाही का?" बेडरूम आहे हो, पण ७ फुटांचा पट्टा अर्ध्यापेक्षा कमी भरला. अख्खी खोली मुख्य क्षेत्रफळातून बाहेर, वेगळ्या रकान्यात. गावाच्या करनोंदीत ती वर्षानुवर्षं क्षेत्रफळात धरलेली आहे. आणि मॉडेल वाचतं ती करनोंद.

अशा घरासाठी माणूस लागतो आणि लागत राहील. प्रश्न पैशाचा आहे. मे २००९ च्या त्या एचव्हीसीसी प्रकरणानंतर (लेंडरने अप्रेझरवर दबाव आणू नये म्हणून आलेली आचारसंहिता) लेंडर आणि अप्रेझर यांच्यामध्ये काम वाटणाऱ्या मॅनेजमेंट कंपन्या बसल्या, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ती भिंत पक्की केली. हेतू चांगला होता, लोन ऑफिसरने फोन करून "एवढी व्हॅल्यू आणा" म्हणू नये. झालं असं की घरमालक जी अप्रेझल फी भरतो त्यातला लचका मधल्या कंपनीला जातो. मी ज्या एका कंपनीचं काम करायचो ती नव्या रिपोर्टला जुनीच फी देऊ करत होती, वर "सॉफ्टवेअरमुळे तुमचा वेळ वाचेल" असा सल्ला. सोडली.

---

कर्जबाजारी

आयडीवर जाऊ नका, मी अंडररायटर आहे (कर्जाची फाइल तपासून मंजूर करणारा), शार्लटला. म्हणजे फूटपट्टींनी लिहिलेलं वाचणारा माणूस. (बरेचदा न वाचणारा.)

टेबलाच्या या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. फाइल फॅनी मेच्या सिस्टीममध्ये टाकली की तीच सांगते, या घराला अप्रेझल लागेल की नाही. २०१७ च्या सुमाराला ही अप्रेझलची माफी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, फ्रेडी मॅकची एसीई नावाने. नंतर फॅनी मेने "वेव्हर" (माफी) हा शब्द सोडून "व्हॅल्यू अॅक्सेप्टन्स" म्हणायला सुरुवात केली. आम्ही ऑफिसात अजून वेव्हरच म्हणतो. २०२५ च्या सुरुवातीला मर्यादा सैल झाली. खरेदीच्या कर्जात पूर्वी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच्या कर्जालाच हे मिळायचं, ते ९० झालं. आणि कुणीतरी घरी जाऊन फोटो नि मापं आणली तर ९७ पर्यंत. हा "कुणीतरी" अप्रेझर असायची गरज नाही, त्याला प्रॉपर्टी डेटा कलेक्टर म्हणतात.

अप्रेझल आलंच तर ते आधी फॅनी मेचं कोलॅटरल अंडररायटर नावाचं सॉफ्टवेअर वाचतं. २०१५ पासून आहे. रिपोर्टला १ ते ५ मध्ये गुण देतं, ५ म्हणजे धोका. अडीचच्या आत असेल तर व्हॅल्यूची जबाबदारी लेंडरवरून उतरते. आता सांगा, अडीचच्या आतला रिपोर्ट मी किती बारकाईने वाचेन? अडीचच्या वर गेला की मी फूटपट्टींना लिहितो, "तुमचे कॉम्पॅरेबल (तुलनेला घेतलेलं विकलेलं घर) क्रमांक २ ऐवजी हे घर का घेतलं नाही?" ते घर मला मशीननेच सुचवलेलं असतं. ते चिडतात. बरोबरच आहे त्यांचं.

शिवाय बँक कर्ज स्वतःकडेच ठेवणार असेल तर २०१९ पासून ४ लाख डॉलरपर्यंतच्या घरकर्जाला कायद्याने पूर्ण अप्रेझल लागतच नाही, इव्हॅल्युएशनवर (त्याहून साध्या मूल्यांकनावर) भागतं. आधी ही मर्यादा अडीच लाख होती.

तेव्हा निरगुडी, काम संपलेलं नाही, पण तळाचा मोठा थर निघून गेलाय. आणि व्याजदराचं विसरू नका. २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आत असलेला दर २०२३ च्या ऑक्टोबरात आठच्या उंबऱ्याला टेकला. रिफायनान्स आटलं. त्या दोन वर्षांत मी ओळखत असलेले कितीतरी अप्रेझर दुसऱ्या धंद्याला लागले, त्यात मॉडेलचा हात कमी, फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) जास्त.

---

शून्य_एक

इथे खलनायकाची जागा रिकामी दिसली म्हणून आलो. मी घरांच्या किमतीची मॉडेलं बनवणाऱ्या टीममध्ये आहे.

दोन गोष्टी कुणी बोलत नाही. पहिली, माणसाने काढलेली व्हॅल्यू म्हणजे काही गंगाजल नाही. खरेदीच्या व्यवहारात अप्रेझरला कराराची किंमत आधीच माहीत असते आणि बहुतेक अप्रेझलं नेमकी त्या आकड्यावर किंवा जरा वर येतात. क्वचितच खाली. इतकी अचूकता आमच्या मॉडेलने दाखवली तर आम्हीच संशय घेऊ. दुसरी, एकाच बिल्डरच्या हजार सारख्या घरांच्या वसाहतीत मॉडेलची चूक कमी असते आणि ते थकत नाही.

झिलो या घरांच्या वेबसाइटचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून आधीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी स्वतः घरं विकत घ्यायचा धंदा गुंडाळला, तीनशे मिलियन डॉलरहून जास्त नुकसान दाखवलं. पण ती चूक काही महिन्यांनी घर कितीला जाईल याचा अंदाज बांधण्यातली होती. आजची किंमत सांगणं त्यापेक्षा सोपं आहे.

आणि आम्ही मोकाट नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून सहा फेडरल संस्थांचा एव्हीएमवरचा, म्हणजे आमच्या या मॉडेलांवरचा, नियम लागू झालाय. अंदाजावर विश्वास ठेवता येईल याची खात्री करायची, डेटात कुणी हात घालणार नाही हे बघायचं, हितसंबंध आड येऊ द्यायचे नाहीत, नमुने काढून तपासायचे, आणि भेदभावविरोधी कायदे पाळायचे. याची तरतूद २०१० च्या त्याच डॉड-फ्रँकमध्ये होती. नियम यायला चौदा वर्षं लागली हा भाग वेगळा.

मॉडेलला स्वतःवर भरवसा नसेल तर ते तसं सांगतं, आणि ते घर माणसाकडे जातं. सोपी घरं आम्ही घेतो, अवघड तुमच्याकडे पाठवतो. यात वाईट काय?

---

फूटपट्टी

@शून्य_एक, कराराच्या किमतीचं म्हणताय ते मान्य. त्यावर मी भांडणार नाही, आमच्या धंद्याचं ते दुखणं आहेच.

पण शेवटच्या प्रश्नात तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी शिकलो कुठे? एडिसनच्या आसपासच्या टाउनहाउसांवर. एकाच साच्यातली शंभर घरं. त्यातली दोन त्याच ऋतूत विकली गेली, एकाचं तळघर राहण्याजोगं केलेलं, दुसऱ्याचं उघडं सिमेंट. बाकी सगळं सारखं. किमतीतला फरक म्हणजे त्या बाजारात तळघराला लोक काय देतात ते. अशा जोड्या लावून लावून नजर बसते. मग कधीतरी तुम्हाला तीन एकरांवरचं, घोड्यांच्या तबेल्याचं, सेप्टिक टँकचं घर मिळतं आणि जवळपास एकही जोड नसते, तेव्हा आधीची नजर कामाला येते.

ती टाउनहाउसं आता वेव्हरमध्ये जातात. ट्रेनीला उरतो तबेला. आणि तबेल्यावर ट्रेनीला पाठवायला ना मी तयार, ना लेंडर. बहुतेक लेंडरांना सर्टिफाइड माणूस स्वतः घरात गेलेला हवा असतो. म्हणजे ट्रेनी बरोबर घेतला तर माझा वेळ दुप्पट, फी तेवढीच, आणि तो तयार झाला की माझाच स्पर्धक. एका सुपरवायझरकडे तीनच ट्रेनी ठेवता येतात असा नियम आहे. खरं सांगायचं तर एक ठेवणारा सापडला तरी पुष्कळ. उथळ पाणी बुजवून टाकायचं आणि पोहणारे मिळत नाहीत म्हणून ओरडायचं, असं चाललंय.

मॉडेल माझी नोकरी खाईल अशी भीती मला नाही, माझं निभेल. निरगुडीची पहिली पाचशे घरं कुठून येणार, हे मला कुणी सांगत नाही.

---

गावठाण

फूटपट्टी, हे वाचून बसल्या जागी मान डोलावली. नाशिकला बँकांच्या पॅनलवर व्हॅल्युअर आहे. देश वेगळा, कायदा वेगळा, दुखणं तेच.

आमच्याकडे जुन्या लोकांची नोंदणी वेल्थ टॅक्स कायद्याच्या ३४एबी कलमाखाली. तो कर २०१५ च्या बजेटमध्ये गेला, पण बँका ते सर्टिफिकेट अजून मागतात. २०१७ च्या ऑक्टोबरात कंपनी कायद्याखाली रजिस्टर्ड व्हॅल्युअरचे नियम आले. ५० तासांचा कोर्स, मग आयबीबीआयची (दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या सरकारी मंडळाची) परीक्षा, ६० टक्क्यांना पास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणार. पन्नाशीतले इंजिनिअर पोरांच्या शेजारी कॉम्प्युटरसमोर बसले होते. आमच्या बॅचला तर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ इन्सॉल्व्हन्सी कोडची कलमं पाठ करत होते, आयुष्यभर त्यांनी प्लॉट आणि शेड मोजलेले.

कॉम्प्युटरने आमचं काम घेतलं नाही अजून. मोबाइलने घेतलं. बँकेचं किंवा मोठ्या व्हॅल्युएशन फर्मचं अॅप असतं, डिप्लोमा झालेला मुलगा साइटवर जातो, अक्षांश-रेखांशासकट फोटो घेतो, रकाने भरतो. सहीवाला व्हॅल्युअर ऑफिसात. एका दिवसात किती सह्या होतात ते विचारू नका. कर्जबाजारींनी सांगितलेला तो डेटा कलेक्टर आमच्याकडे केव्हाचा आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नव्हतं.

रकान्यांची गंमत ऐका. जुन्या नाशकातला एक वाडा आला होता, दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी गहाण. प्रॉपर्टी कार्डावर वारलेल्या आजोबांचं नाव, खाली पागडीचे दोन भाडेकरू, मागचा बोळ शेजाऱ्याशी सामाईक, वरचा मजला लाकडी आणि एका अंगाला कललेला. पोर्टलवर ताब्याच्या रकान्यात पर्याय दोन: स्वतः राहतात, भाड्याने दिलंय. "भाड्याने" निवडलं की पुढचा रकाना महिन्याचं भाडं मागतो, आणि तिथे रिक्षाच्या एका फेरीएवढी रक्कम लिहिली की पोर्टल लाल होतं, म्हणे आकडा तपासा. रेडी रेकनरचा दर जमिनीला लावला तर वाड्याची किंमत डोळे फिरवणारी. भाडेकरूंसकट विकायला काढला तर येणारा आकडा वेगळाच. हे सगळं शेरा म्हणून लिहायला जागा किती? दोन ओळी. मी वेगळं पत्र जोडलं. मॅनेजर म्हणाले, "साहेब, पत्र अपलोड होत नाही."

नव्या इंटरनॅशनल व्हॅल्युएशन स्टँडर्ड्समध्ये, जी ३१ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, साफ लिहिलंय की व्हॅल्युअरने स्वतःचा निर्णय वापरल्याशिवाय नुसत्या मॉडेलमधून आलेलं व्हॅल्युएशन त्या स्टँडर्डप्रमाणे धरता येत नाही. वाचायला बरं वाटतं. पण अॅपने भरलेल्या पानावर माझी सही असली की ते "निर्णय वापरून" झालं, एवढाच त्याचा अर्थ उरू नये.

---

शून्य_एक

गावठाण, वाडा आवडला. तुमच्याकडे मॉडेल चालवायचं तर डेटा कसा आहे? इथे टेक्सासमध्ये आमची पंचाईत होते. विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करायचं बंधनच नाही. एमएलएसमध्ये (ब्रोकरांच्या सामाईक यादीत) असेल तेवढंच, तेही ब्रोकरांच्या ताब्यात.

---

गावठाण

आमचं उलटं. इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक २ कुणीही बघावी, नोंदणी विभागाच्या साइटवर सर्च होतो. गट नंबर, क्षेत्र, मोबदला, सगळं लिहिलेलं. पण मोबदल्याचा आकडा बघा आणि त्याच ओळीतला बाजारमूल्याचा आकडा बघा. कितीतरी दस्तांत दोघं जुळे भाऊ. रेडी रेकनरएवढं कागदावर, उरलेलं ज्याचं त्याला माहीत. तुमच्या टेक्सासात खरा आकडा लपलेला, आमच्याकडे जाहीर आकड्यावर भरवसा नाही. बिल्डरच्या नव्या फ्लॅटचं बरं असतं, बँकेचं कर्ज असल्यामुळे बहुतेक पांढरं. तिथे मॉडेल चालेल. जमीन, जुनं घर, गावठाण म्हटलं की मशीन त्या रेकनरचंच प्रतिबिंब दाखवणार, आणि रेकनर सरकारने मुद्रांकासाठी काढलेला.

त्यात क्षेत्रफळाचा घोळ. रेराचं कार्पेट, जुन्या दस्तातलं बिल्टअप, ब्रोशरमधलं सुपर बिल्टअप. तुमच्या एन्सीसारखं काही इथे खरोखर पाळलं गेलं तर मी पेढे वाटेन.

---

रिकामटेकडा

अवांतराबद्दल क्षमस्व. गावठाण साहेब, वडिलांनी १९९४ ला घेतलेला पुण्याचा फ्लॅट आता विकायचा आहे. नफ्यावरच्या करासाठी कुणीतरी २००१ चं व्हॅल्युएशन काढा म्हणतंय. मी एनआरआय. लागेल का?

---

गावठाण

२००१ च्या आधीची मालमत्ता असेल तर खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरायची मुभा आहे, म्हणून रिपोर्ट उपयोगी. मात्र ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर धरता येत नाही, तेव्हा "वाढवून द्या" म्हणू नका. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला इंडेक्सेशनचा (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा) पर्याय निवासी व्यक्तींना ठेवलाय, एनआरआयना नाही. पुढचं सीएला विचारा, आणि नव्या धाग्यात विचारलंत तर उत्तम.

---

पोटमाळा

निरगुडी, तुमच्यापेक्षा थोडीच पुढे आहे, ओहायोत. मलाही सुपरवायझर मिळेना. मी पीएआरईए केलं, म्हणजे घरी बसून सिम्युलेशनमधून अनुभवाचे तास. खोट्या घरातून फिरायचं, कॉम्पॅरेबल निवडायचे, मेंटर लाल शेरे मारून परत पाठवतो, शेवटी यूस्पॅपला (अप्रेझरांच्या व्यावसायिक नियमांना) धरून पूर्ण रिपोर्ट. ते पूर्ण केलं की लायसन्सचे १००० तास भरल्यासारखे. बहुतेक राज्यांना चालतं. फी काही हजार डॉलर आहे, ती जड गेली.

शिकवलं चांगलं, हे नक्की. माझ्या ओळखीच्या एका ट्रेनीला सुपरवायझरने दोन वर्षं फक्त फोटो काढायला आणि आकडे टाइप करायला लावलं; त्यापेक्षा मला अॅडजस्टमेंटचं (घरांमधल्या फरकाप्रमाणे किमतीत बेरीज-वजाबाकी करण्याचं) जास्त समजतं. पण खऱ्या घरात शिरल्यावर हात थरथरले. तळघराला ओलीचा वास येतो, तो सिम्युलेशनमध्ये नव्हता. भाडेकरू दार उघडत नाही. आणि लायसन्स हातात आल्यावर मॅनेजमेंट कंपन्यांचे पॅनल म्हणतात, अनुभव किती वर्षांचा? तिथे गाडी अडते.

मला एका वकिलीणबाईंनी तारलं. घटस्फोटातल्या वाटणीचं काम. कुणी वारलं असेल तर त्या तारखेची किंमत काढून द्यायची, इस्टेटीसाठी. तिथे यूएडी नाही, वेव्हर नाही, कोलॅटरल अंडररायटर नाही. यूस्पॅप पाळायचं आणि प्रश्न विचारला तर कोर्टात उत्तर द्यायचं.

---

फूटपट्टी

+१. माझंही निम्मं काम आता तेच आहे. कर्जाच्या बाहेरच्या कामाला फी ठरवणारा मी. निरगुडी, इंजिनिअर असल्याचा तुम्हाला तिथे फायदा होईल, साक्षीला उभं राहिल्यावर "भेग पायाची की प्लास्टरची" हे तुम्ही ठामपणे सांगू शकाल.

---

निरगुडी

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पोटमाळा, तुला व्यनि केलाय.

दोन शंका. एक, व्यापारी मालमत्तांकडे जावं का? तिथे मॉडेलं कमी असतील ना? दोन, आमचं फ्रिस्को अर्धं कॉलिन काउंटीत, अर्धं डेंटनमध्ये. दोन्हीकडे अप्रेझल डिस्ट्रिक्ट आहेत, करासाठी घरांच्या किमती ठरवणारे. तिथे अधूनमधून जागा निघतात. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला. ते तास पुढे लायसन्सच्या अनुभवात धरतात का?

---

कर्जबाजारी

व्यापारी, म्हणजे सर्टिफाइड जनरल: ३००० तास, त्यातले निम्मे बिगरनिवासी, किमान दीड वर्ष, आणि पदवी हवी. तुमची बी.ई. इथल्या संस्थेकडून इव्हॅल्युएट करून घ्या, तेवढ्याने भागेल. तिथे मोठ्या फर्म ट्रेनीला पगारावर ठेवतात, घरांच्या धंद्यासारखं एकेकट्याचं राज्य नाही. मॉडेलं कमी हे खरं. दोन गोदामांचे भाडेकरार कधी सारखे नसतात.

---

फूटपट्टी

डिस्ट्रिक्टची जागा निघाली तर मी डोळे मिटून अर्ज करेन. तुम्हाला हवीत ती पाचशे सोपी घरं तिथेच आहेत. एक जानेवारीच्या तारखेने अख्ख्या वसाहतीच्या किमती एकदम काढतात, आणि मे महिन्यात लोक भांडायला येतात तेव्हा एकेक घर उघडून बघावं लागतं. मॉडेल आतून कसं चालतं तेही कळेल, पुढे शून्य_एक यांच्याशी वाद घालायला बरं. तास धरतात, यूस्पॅपमधल्या मास अप्रेझलच्या स्टँडर्डप्रमाणे काम केलेलं दाखवता आलं तर. पण टेक्सासच्या लायसन्सिंग बोर्डाला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कामाची नोंदवही पहिल्या दिवसापासून स्वतः लिहा, साहेब लिहितील म्हणून थांबू नका.

---

शून्य_एक

वादाला केव्हाही तयार. निरगुडी, डिस्ट्रिक्टमध्ये रुजू झालात तर एक करा: तिथल्या नोंदीत वरच्या मजल्याची मापं कशी घेतलीत ते बघून इथे टाका. फूटपट्टींच्या त्या केप कॉडनंतर मी आमच्या डेटात शोधलं, तिरप्या छतासाठी रकानाच नाही.